लहान मुले आणि चौकोन

ज्या जमिनीच्या चारही बाजू ३३ फुटांच्या आहेत ती जमीन किती, असा प्रश्न कोणास घातला तर बहुतेक सर्व जण तत्काळ उत्तर देतील की ती एक गुंठा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट; इतक्या जमिनीस गुंठा म्हणतात, आणि असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो, हे आमच्या बीडकडील शेतकऱ्याच्या मुलास शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असते. सरकारी उताऱ्यावर आज हेक्टर व आर लिहिलेले असले, तरी बांधावरील बोलणे अद्याप गुंठ्यांतच चालते. असो. उत्तर देणाऱ्यांचा हिशेब बिनचूक आहे. परंतु त्यांनी एक गोष्ट न विचारताच गृहीत धरली. त्या जमिनीचे कोपरे कसे आहेत?

समजा, चार कोपऱ्यांवरील चार खुंट्यांना ३३ फुटांच्या दोऱ्या ताणून बांधल्या आहेत. आता वरच्या दोन खुंट्या उपटून, दोऱ्यांची लांबी तीच ठेवून, थोड्या एका अंगास सरकवून रोविल्या. चारही बाजू ३३ फुटांच्याच राहिल्या, एक बोटभरही घटली नाही. परंतु समोरासमोरच्या दोन दोऱ्यांमधील सरळ अंतर जर २२ फूट उरले असेल, तर आतील जमीन ३३ गुणिले २२ म्हणजे अवघी ७२६ चौरस फूट भरेल. गुंठ्याचा तिसरा हिस्सा कोठे गेला? तो कोणी चोरला नाही. तो कोपऱ्यांतून निसटला. आणि जो मनुष्य केवळ चार बाजू मोजून पैसे मोजतो, तो मात्र पुऱ्या गुंठ्याचे मोल देऊन बसतो.

आमच्याच महाराष्ट्राशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० साली, लीलावती हा ग्रंथ रचिला. त्यात त्यांनी या चुकीवर चांगलेच कोरडे ओढले आहेत. लंब अथवा कर्ण यांपैकी एकही न सांगता केवळ चार बाजू देऊन चौकोनाचे क्षेत्रफळ जो विचारतो तो पिशाच होय, आणि जो त्याचे उत्तर देतो तोही तसाच, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. एरवी इतक्या गोड भाषेत गणिते घालणाऱ्या आचार्यांस येथे संताप का यावा, हे वरील गुंठ्याच्या उदाहरणावरून वाचकांच्या ध्यानी येईल.

आम्हांस असे वाटते की या चुकीचे बीज शेतात पेरले जात नाही, ते बालवर्गात पेरले जाते. म्हणून लहान मुलांस चौकोन कसे ओळखावयास व निवडावयास शिकवावे, यासंबंधी चार गोष्टी येथे सांगण्याचे योजिले आहे. मुलांच्या आईबापांनी त्या वाचाव्या, आणि थोरल्या विद्यार्थ्यांनी आपल्या धाकट्या भावंडांवर त्यांचा प्रयोग करून पाहावा.

प्रथम मूल पाहते कसे हे समजून घेतले पाहिजे. चार-पाच वर्षांच्या मुलापुढे पुठ्ठ्याचा एक चौरस सरळ ठेवा आणि हा कोण, असे विचारा. तो “चौकोन” किंवा “चौरस” म्हणून सांगेल. मग त्याच्या डोळ्यांदेखत तोच तुकडा फिरवून एका कोपऱ्यावर उभा करा व पुन्हा विचारा. पुष्कळ मुले बेलाशक सांगतात की आता तो चौकोन राहिला नाही, त्याचे शंकरपाळे झाले. कोणी म्हणतात पतंग झाला. तुकडा तोच आहे, हे त्यांस दिसत असते. तरीही उत्तर बदलत नाही. तसेच एक लांबच लांब व अरुंद तुकडा दाखविला, तर ती “पट्टी” होते. तिला चार कोपरे आहेत हे मोजून दाखविले तरी मुलाचे मन तिला चौकोनांच्या पंक्तीत बसू देत नाही.

यात मुलाचा मठ्ठपणा नाही. मूल आकृती अवघीच्या अवघी पाहते. तिचे भाग वेगळे काढून पाहण्याची त्यास अद्याप सवय नसते. दारासारखे दिसते ते दार, शंकरपाळ्यासारखे दिसते ते शंकरपाळे. हॉलंड देशातील पिएर व डीना व्हॅन हीले या शिक्षक पतिपत्नींनी १९५७ साली उट्रेख्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत हीच गोष्ट पद्धतशीर मांडली. आरंभी मूल आकृती केवळ रूपावरून ओळखते. पुढे तिच्या बाजू, कोन इत्यादी गुण त्यास दिसू लागतात. त्याहून पुढे एका गुणावरून दुसरा कसा निघतो आणि एक जात दुसरीत कशी सामावते हे कळते. या पायऱ्या वयाने आपोआप चढल्या जात नाहीत, योग्य अनुभव मिळाल्याने चढल्या जातात, असे त्यांचे सांगणे आहे. आम्ही त्याशी सर्वस्वी सहमत आहो. कित्येक प्रौढ माणसेही पहिल्याच पायरीवर जन्म काढतात, आणि गुंठ्याचा सौदा करतात.

येथे आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे शिक्षकांचे लक्ष फारसे जात नाही. ज्या महिन्यांत मूल आकार शिकते त्याच महिन्यांत ते अंकही शिकत असते. तीनचा आकडा उलट्या तोंडाने काढला की तो सहासारखा होतो, आणि गुरुजी कान धरितात. म्हणजे तोंड कोणीकडे आहे यास फार महत्त्व आहे, असे त्यास एका तासाला शिकविले जाते. आणि पुढच्या तासाला चौरस कसाही फिरविला तरी चौरसच, असे सांगितले जाते. त्या बिचाऱ्याने कोणते खरे मानावे? यास्तव आकृतींच्या बाबतीत फिरविणे हे मुलाने स्वतः, आपल्या हाताने, पुष्कळ वेळा केले पाहिजे. फळ्यावरील चित्र फिरत नाही. भिंतीवरील तक्ता तर मुळीच फिरत नाही. तक्त्यावर चौरस नेहमी बुडावर बसलेला, काटकोन चौकोन नेहमी आडवा पसरलेला, आणि समभुज चौकोन नेहमी टोकावर उभा. असा तक्ता वर्षभर पाहिलेल्या मुलाने जर “टोकावर उभा तो समभुज चौकोन” असा निष्कर्ष काढला, तर तो त्याने बरोबर काढला असेच म्हटले पाहिजे. तक्ताच तसे शिकवीत होता.

वस्तू हाती देऊन आकार शिकविण्याची कल्पना नवी नाही. जर्मनीत फ्रेबेल याने १८३७ साली बालशाळा काढिली, तीत लाकडी ठोकळे व चौरस-त्रिकोणी पट्ट्या मुलांच्या हाती दिल्या. पुढे इटलीत बाई माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरात बालगृह उघडिले. त्यांच्या साधनांत लाकडी चौकटीत नेमके बसणारे आकार असत, आणि मूल त्यांच्या कडांवरून बोट फिरवून त्यांची ओळख करून घेई. बाई १९३९ साली हिंदुस्थानात आल्या व त्यांची पद्धती येथे विशेष पसरली. तिची अडचण एकच होती, ती म्हणजे साधनांची किंमत. घोटीव लाकडाची ती देखणी साधने खेड्यातील शाळेने कोठून आणावी?

या अडचणीतून मार्ग काढण्याचे श्रेय आमच्या ताराबाई मोडक यांस आहे. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, आणि १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या खेड्यात बालशिक्षणाचे केंद्र काढिले. पद्धतीचे तत्त्व राखावे, परंतु साधने गावच्या मातीतील असावी, या विचाराने त्यांनी पाने, बिया, शिंपले, काटक्या यांचा उपयोग केला. अनुताई वाघ त्यांच्या सहकारिणी होत्या. १९५७ पासून हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत चालले. आज गावोगावी अंगणवाडी हा शब्द ऐकू येतो, त्या शब्दाचे व कल्पनेचे मूळही ताराबाईंच्या या उद्योगात आहे. अंगणात जे पडले आहे त्यातून शिकवावे, हा त्याचा सरळ अर्थ होय.

मग लिंबागणेशच्या अंगणात चौकोन शिकविण्यास काय पडले आहे? बालाघाटाच्या या माळावरील गणपतीच्या गावी लाकडी पेटी नसेल, परंतु चौकोनांस तोटा नाही. जेवावयास बसण्याचा पाट, लिहिण्याची पाटी, दाराची चौकट, देवापुढील चौरंग, गोधडीतील ठिगळे, सारीपाटाची घरे, तोंडाशी रुंद आणि पाठीशी अरुंद असे सूप, आणि सैल झाल्यामुळे एका अंगास कललेली बाज. या शेवटच्या वस्तूकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. कललेली बाज ही भूमितीच्या दृष्टीने मोठी मोलाची वस्तू आहे, मग तीवर निजणारास ती कितीही त्रासाची असो.

निवडण्याच्या खेळासाठी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम. त्याचे वीस-पंचवीस तुकडे कापावे. चौरस लहानमोठे असावे. काटकोन चौकोन कोणी जवळजवळ चौरसासारखा तर कोणी सुतळीसारखा अरुंद असावा. समभुज चौकोन कोणी फुगीर, कोणी चपटा असावा. आणि ज्याची एकही बाजू दुसरीशी जुळत नाही असे वेडेवाकडे चौकोनही भरपूर असावे, कारण शेते बहुधा तशीच असतात. शिवाय काही तोतये मिसळावे. एखादा त्रिकोण, एखादा पंचकोन, एखादा असा की ज्याचे कोपरे कातरीने गोल केले आहेत, एखादा असा की ज्याची एक बाजू कमानीसारखी वाकली आहे. रंग सर्वांचा एकच असावा. रंग निरनिराळे ठेविले तर मूल रंगावरून निवड करील, आणि आपण समजू की ते आकारावरून करीत आहे.

पहिले काही दिवस एवढेच विचारावे की यांत चार सरळ बाजूंचे कोणते. मुलाने तुकडा हाती घ्यावा, कडेवरून बोट न्यावे, आणि प्रत्येक कोपऱ्याला थांबून मोजावे. गोल कोपऱ्याच्या तोतयावर बोट थांबत नाही, हे त्याचे त्यासच कळते. वेडावाकडा तुकडा चौकोनांच्या ढिगात टाकण्यास मूल प्रथम कचरते. “हा कसला चौकोन!” असे त्याच्या मुद्रेवर स्पष्ट दिसते. त्या वेळी आपण उत्तर सांगू नये; “बोटाने मोजून पाहा” एवढेच म्हणावे. नावे सांगण्याची घाई तर मुळीच करू नये. जे मूल समांतरभुज चौकोन हा शब्द घडाघडा म्हणते, परंतु ढिगातून तो काढून देऊ शकत नाही, त्यास शब्द आला आहे, चौकोन आलेला नाही.

नंतर मुलाच्या हाती एक माप द्यावे. कागदाचा कोणताही फाटका कपटा घेऊन त्यास एक घडी घालावी म्हणजे सरळ कड मिळते. आता ती कड तिच्यावरच येईल अशी दुसरी घडी घातली की जो कोपरा होतो तो बरोबर काटकोन असतो. कपटा कसलाही असो, कोपरा तोच निघतो, याचे मुलांस फार नवल वाटते, आणि वाटावे असेच ते आहे. गवंड्याच्या व सुताराच्या हाती जो लोखंडी गुण्या असतो त्याचाच हा कागदी धाकटा भाऊ. हा घडीचा कोपरा घेऊन मुलाने घरभर हिंडावे. पाटाच्या कोपऱ्यात तो बसतो, पाटीच्या बसतो, उंबरठ्याशी बसतो. बाजेच्या दोन कोपऱ्यांत फट राहते आणि दोन कोपऱ्यांत तो शिरतच नाही. मग तुकड्यांची निवड करावयाची. ज्यांच्या चारही कोपऱ्यांत घडीचा कोपरा नेमका बसतो ते एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. टोकावर उभा केलेला चौरसही या परीक्षेत उत्तीर्ण होतो, आणि तो पतंग झाला होता हे मूल हळूहळू विसरते. आम्ही सांगून जे झाले नसते ते कागदाच्या घडीने होते.

बाजूंची परीक्षा दोऱ्याने घ्यावी. एका बाजूइतका दोरा तोडून तो इतर तीन बाजूंस लावून पाहिला की काम झाले.

आता ज्या गोष्टीसाठी हा सर्व खटाटोप, तीवर येऊ. मूल सात-आठ वर्षांचे झाले, दोन्ही परीक्षा त्याच्या हातवळणी पडल्या, म्हणजे सुतळीची दोन मोठी कडी जमिनीवर मांडावी. पहिल्या कड्यात सर्व कोपरे काटकोन असलेले तुकडे ठेवावयाचे. दुसऱ्यात सर्व बाजू सारख्या असलेले. कोणतेही लक्षण नसलेले बाहेर. काम झपाट्याने चालते. लांबट काटकोन चौकोन पहिल्या कड्यात जातात, तिरपे समभुज चौकोन दुसऱ्यात जातात. मग चौरसाची पाळी येते आणि मुलाचा हात थबकतो. पहिल्यात ठेवावा तर दुसरा नियम मोडतो. दुसऱ्यात ठेवावा तर पहिला. काही मुले तो तुकडा दोन्ही कड्यांच्या मध्ये मोकळ्या जागी ठेवतात, परंतु तेथे तो दोन्हींच्या बाहेर पडतो. काही विचारतात, याचे दोन करू काय? शिक्षकाने या वेळी तोंडातून अक्षर काढू नये. हा क्षण मौल्यवान आहे. थोड्या वेळाने कोणीतरी मूल एक कडे ओढून दुसऱ्यावर चढविते, दोहोंच्या मध्ये दोन्हींची अशी एक जागा निर्माण होते, आणि चौरस तेथे जाऊन बसतो.

अशा रीतीने चौरस हा काटकोन चौकोनही आहे आणि समभुज चौकोनही आहे, हे मुलाने पाठ न करता पाहिलेले असते. “एक वस्तू दोन ठिकाणी कशी?” अशी शंका कोणी काढलीच, तर त्यास घरचाच दाखला द्यावा. त्याचे वडील कोणाचे काका आहेत, कोणाचे मामा आहेत. काका झाल्याने त्यांचे मामापण नाहीसे झाले नाही.

कित्येक पालक व काही शिक्षकही येथे हरकत घेतात की लहान मुलांस हा घोटाळा कशाला; चौरस वेगळा, काटकोन चौकोन वेगळा, असे सांगून मोकळे व्हावे. त्यांच्या बाजूने मोठा साक्षीदारही आहे. युक्लिडाने आपल्या भूमितीच्या पहिल्या पुस्तकात चौरस आणि लांबट काटकोन चौकोन यांच्या व्याख्या परस्परांस वगळूनच केल्या आहेत. परंतु आज गणितज्ञांनी तो मार्ग सोडला आहे, आणि त्यास कारण आहे. काटकोन चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे असतात हे एकदा सिद्ध केले की ते चौरसासही आपोआप लागू होते. समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांस काटकोनात छेदतात हे सिद्ध केले की तेही चौरसास लागू होते. चौरसास वेगळा काढला तर प्रत्येक गोष्ट दोनदा सिद्ध करावी लागेल. शिवाय लहानपणी जे “वेगळे, वेगळे” म्हणून घोकविले ते हायस्कुलात आल्यावर पुसावे लागते, आणि पाटीवरचे पुसणे सोपे असले तरी मनावरचे पुसणे फार कठीण. आमच्या मते दोन कड्यांचा खेळ आठ दिवस जास्त घेईल, परंतु पुढची दोन वर्षे वाचवील.

ज्वारीची काढणी झाल्यावर एक खेळ अवश्य करावा. ताटाचे वीत-वीत लांबीचे चार तुकडे घेऊन बाभळीच्या काट्यांनी टोकास टोक जोडावे. आमच्याकडील मुले याच ताटांच्या बैलगाड्या करतात, तेव्हा काटे कसे टोचावे हे त्यांस शिकवावे लागत नाही. ही चौकट पाटीवर चौरस करून ठेवावी व आत चिंचोके एकास एक लागून, एकावर एक न चढविता, भरावे आणि मोजावे. नंतर चिंचोके काढून, चौकटीचे समोरासमोरचे दोन कोपरे जरासे दाबून ती तिरपी करावी, आणि पुन्हा भरावे. चिंचोके उरतात. आणखी दाबावी; आणखी उरतात. पुरती दाबली तर चार ताटे एकमेकांस चिकटून आत एकही चिंचोका मावत नाही. बाजू मात्र पहिल्याइतक्याच. भास्कराचार्यांचा राग सात वर्षांच्या मुलास समजावून देण्याचा याहून सोपा उपाय आम्हांस ठाऊक नाही. शेवटी एक लांब ताट कर्णावर आडवे टोचून पाहावे. चौकट एकदम घट्ट होते व काही केल्या कलत नाही. शेताच्या फाटकावर सुतार जी तिरपी पट्टी ठोकतो ती शोभेसाठी नव्हे, हे मग सांगावे लागत नाही.

सुताराचे नाव निघाले म्हणून त्याची आणखी एक युक्ती येथे सांगतो. चौकट जुळविल्यावर तो एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी लावितो, आणि तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांस लावून पाहतो. दोन्ही वेळा दोरी सारखी भरली तर चौकट काटकोनात आहे. नाहीतर ती कलली आहे. मात्र त्यापूर्वी त्याने समोरासमोरची लाकडे सारख्या लांबीची घेतलेली असतात. ही पहिली अट विसरून चालणार नाही. सुपाच्या आकाराचा चौकोन, ज्याच्या दोन बाजू समांतर पण असमान आणि उरलेल्या दोन सारख्या, त्याचेही दोन्ही कर्ण सारखेच भरतात. पण म्हणून सुपाची चौकट दाराला बसेल काय?

थोरल्या विद्यार्थ्यांसाठी शेताकडे परत जाऊ. खेड्यात अजून एक ठोकळ रीत ऐकू येते. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढावी आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करावा. ही रीत फार पुरातन आहे, ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ साली ती दिली, परंतु ती स्थूल आहे असे स्पष्ट सांगून दिली. तिच्यातील खोड अशी की ती कधीही क्षेत्र कमी दाखवीत नाही. कोपरे काटकोन असतील तेव्हाच बरोबर, एरवी नेहमी जास्त. समजा, एका शेताच्या समोरासमोरच्या बाजू ९९ फूट व ९९ फूट, तसेच ६६ फूट व ६६ फूट आहेत. ठोकळ रीतीने ६५३४ चौरस फूट, म्हणजे बरोबर सहा गुंठे. परंतु शेत कललेले असून ९९ फुटांच्या दोन बांधांमधील सरळ अंतर ५५ फूट असेल, तर खरे क्षेत्र ५४४५ चौरस फूट, म्हणजे पाच गुंठे. विकणारास एक गुंठा फुकट मिळाला! यावर उपाय अवघड नाही. शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजावा, उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून त्या कर्णावर काटकोनात लंब मोजावे, दोन्ही लंबांच्या बेरजेस कर्णाने गुणून निम्मे करावे. चारही कोपरे बाहेरच्या अंगास असतील, म्हणजे कोणताही कोपरा आत शिरलेला नसेल, तर शेत कितीही वेडेवाकडे असो, ही रीत चुकत नाही. कागदाचा घडीचा कोपरा येथेही कामास येतो, फक्त तो मोठा करून घ्यावा.

शेताचा हिशेब वडिलांकडे असला, तरी चौकोनांची सर्वांत चांगली शाळा आईच्या हाती आहे, ती म्हणजे शंकरपाळ्यांचे पोळपाट. लाटलेल्या पोळीवर प्रथम एका दिशेने सारख्या अंतरावर काप द्यावे. नंतर तितक्याच अंतरावर तिरपे काप द्यावे. सर्व तुकडे समभुज होतात. दुसरे काप पहिल्यांस काटकोनात दिले तर चौरस. आणि दुसऱ्या कापांमधील अंतर कमी-जास्त केले तर समांतरभुज चौकोन, मग तिरपे असोत की सरळ. काप समांतर आहेत तोवर समोरासमोरच्या बाजू सारख्या येणारच. पट्ट्यांची रुंदीही सारखी ठेविली तर चारही बाजू सारख्या येणारच. आईने हातात कातणे घेतले असता मुलास एवढेच विचारावे, “आता कोणता होईल?” आणि त्याने सांगितल्यावर कापून दाखवावे. चुकलेले उत्तरही येथे खावयास मिळते, त्यामुळे मुले या परीक्षेस भीत नाहीत.

नावांविषयी थोडेसे. चारही कोपरे काटकोन असलेल्यास आमच्या पिढीची पुस्तके काटकोन चौकोन म्हणत. हल्लीच्या पाठ्यपुस्तकांत तोच आयत झाला आहे. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे सरकारी शाळांतील वरचे शिक्षण उर्दूतून होई, आणि त्या काळी शिकलेल्यांच्या तोंडी चौरसास मुरब्बा व आयतास मुस्ततील हे शब्द बसलेले असत. मुरब्बा ऐकून नातवंडांच्या तोंडास पाणी सुटावे हे ओघानेच आले! तेव्हा घरातील वडील मनुष्य एक नाव सांगते, पुस्तक दुसरे सांगते, म्हणून मुलास गोंधळात पाडू नये. पतंग या शब्दाविषयी मात्र सावध राहावे. पुस्तकात पतंग म्हणजे ज्याच्या लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या सारख्या असतात असा चौकोन. संक्रांतीला मुले जो उडवितात तो बहुधा चौरसच असतो, फक्त कोपऱ्यावर उभा.

आमच्या विद्यार्थिनींपैकी ज्यांस रांगोळीचा छंद आहे त्यांस जाता जाता एक कोडे घालतो. चार ओळींत चार-चार असे सोळा ठिपके सारख्या अंतरावर मांडा. ठिपक्यांवरच चारही कोपरे येतील असे एकूण किती चौरस काढता येतील? बहुतेक जणी लहान नऊ, मधले चार आणि बाहेरचा एक, असे चौदा मोजून थांबतील. त्यांनी धाकट्या भावंडास बोलावून तोच प्रश्न विचारावा व कागद थोडा फिरवून द्यावा. चार चौरस कोपऱ्यावर उभे आहेत, दोन थोडेसे कललेले आहेत. एकूण वीस भरतात.